या लांबलचक आकड्यात तारीख कुठंय? टाइमस्टॅम्प वाचायचा कसा

एका मैत्रिणीचे वडील गेले, आणि काही महिन्यांनी तिनं त्यांच्या जुन्या फोनच्या बॅकअपमधून सगळे मेसेज कसेबसे बाहेर काढून एका एक्सेल शीटमध्ये टाकले. मेसेज नीट दिसत होते, पण तारखेच्या कॉलममध्ये तारीखच नव्हती, नुसते आकडे. त्यांनी तिला पाठवलेल्या शेवटच्या मेसेजसमोर होतं ६८९९९८७४५. तिनं तो आकडा एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकला तर उत्तर आलं १३ नोव्हेंबर १९९१. १९९१ साली ती शाळेतसुद्धा जात नव्हती आणि असला फोन तर कुणाकडेच नव्हता. तिला वाटलं फाइल खराब झाली, तारखा गेल्या त्या गेल्याच.

फाइल अजिबात खराब नव्हती. आकडा बरोबर होता, वाचायची रीत चुकली होती. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मुळात कॉम्प्युटर तारीख अशी ठेवतच नाही. दिवस, महिना, वर्ष ही आपल्या सोयीची मांडणी आहे, आणि हिशोबाला ती फार किचकट आहे, कारण महिना कधी २८ दिवसांचा कधी ३१ चा, चार वर्षांनी एक दिवस जास्त, शिवाय तास-मिनिटांचं गणित साठच्या पटीत. दोन तारखांमध्ये किती वेळ गेला हे काढायला माणसाला बोटं मोजावी लागतात. त्यापेक्षा सोपं काय, तर एक क्षण शून्य धरायचा आणि तिथून पुढे नुसते सेकंद मोजत राहायचं. मग कुठली गोष्ट आधीची कुठली नंतरची हे कळायला दोन आकड्यांमध्ये लहान कुठला एवढंच बघायचं, आणि मध्ये किती वेळ गेला त्यासाठी वजाबाकी. या मोजत राहिलेल्या आकड्याला टाइमस्टॅम्प म्हणतात आणि शून्य धरलेल्या क्षणाला इपॉक.

सगळ्यात जास्त चालणारा इपॉक म्हणजे युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या सिस्टिमचा, १ जानेवारी १९७०, मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं, यूटीसीप्रमाणे (जगभरची घड्याळं ज्या एका प्रमाणवेळेवरून लावतात ती), आणि वार होता गुरुवार. या तारखेला जगात काही विशेष घडलं होतं असं नाही. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची त्या सुमारास युनिक्स बनवत होते, त्यांना जवळची आणि वर्षाच्या सुरुवातीची अशी एक तारीख हवी होती. गंमत म्हणजे नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये इपॉक १९७० चा नव्हताच, १ जानेवारी १९७१ चा होता, आणि मोजणी सेकंदात नव्हती तर सेकंदाच्या साठाव्या भागात होती. आकडा ठेवायला जागा ३२ बिटांची, म्हणजे साधारण ४२९ कोटीपर्यंत मोजता येईल एवढी, आणि सेकंदाला ६० या वेगानं ती ८२८ दिवसांत भरून जाते. सव्वादोन वर्षांत घड्याळ संपणार म्हटल्यावर बदल करणं भागच होतं, म्हणून पुढे अख्खे सेकंद मोजायला लागले आणि शून्य १९७० वर येऊन स्थिरावलं.

आता एक आकडा हातानं सोडवून बघू, कारण एकदा हातानं केलं की कन्व्हर्टर आत काय करतो ते कळतं आणि मग तो चुकला तर कुठं चुकला तेही कळतं. आकडा घेऊ १७००००००००, म्हणजे १७० कोटी सेकंद.

एका दिवसात ८६,४०० सेकंद. १७० कोटीला ८६,४०० नं भागलं की भागाकार येतो १९,६७५ आणि बाकी उरते ८०,०००. झालं, गणिताचे इथं दोन तुकडे झाले, भागाकार म्हणजे पूर्ण झालेले दिवस आणि बाकी म्हणजे त्या दिवशीची वेळ. वेळ आधी काढू कारण ती सोपी आहे. ८०,००० सेकंदात २२ तास बसतात, त्यांचे ७९,२०० गेले, उरले ८००, म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. वेळ मिळाली, रात्रीचे १० वाजून १३ मिनिटं २० सेकंद.

दिवसांचं जरा वेळखाऊ आहे. १९७० पासून २०२२ संपेपर्यंत ५३ वर्षं, त्यांचे ३६५ च्या हिशोबानं १९,३४५ दिवस, आणि मध्ये लीप वर्षं आली १३ (१९७२ पहिलं, २०२० शेवटचं), म्हणजे एकूण १९,३५८. आपल्याकडे आहेत १९,६७५, तर २०२३ मधले ३१७ दिवस पूर्ण झालेत. ऑक्टोबर संपतो तेव्हा ३०४ दिवस झालेले असतात, राहिले १३, म्हणजे नोव्हेंबरचे १३ दिवस पूर्ण होऊन चौदावा चालू आहे. उत्तर १४ नोव्हेंबर २०२३. वार हवा असेल तर १९,६७५ ला ७ नं भागा, बाकी ५ येते, गुरुवारपासून पाच पुढे मोजा, मंगळवार. इथं एकच चूक पुन्हा पुन्हा होते, ती म्हणजे पूर्ण झालेले दिवस आणि चालू दिवस यात गल्लत होऊन उत्तर एका दिवसानं मागे येतं. ३१७ दिवस झालेत म्हणजे आज ३१८ वा आहे, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

प्रोग्रामर लोक हेच काम करताना एक युक्ती वापरतात ती मला फार आवडते. ते वर्ष जानेवारीपासून मोजतच नाहीत, मार्चपासून मोजतात. असं केलं की फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी जातो, आणि लीप वर्षाचा जास्तीचा दिवस मध्येच कुठंतरी न घुसता अगदी टोकाला येतो, म्हणजे बाकीच्या महिन्यांचं गणित त्यानं बिघडत नाही. वर मार्चपासूनचे पाच महिने घेतले तर ३१, ३०, ३१, ३०, ३१, बेरीज १५३. ऑगस्टपासूनचे पाच घेतले तर पुन्हा तेच, १५३. एवढा सरळ नमुना मिळाल्यावर महिन्यांचा तक्ता लागतच नाही, साध्या गुणाकार-भागाकारानं काम होतं. ही काही कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नवलाई नाही, जुन्या रोमन कॅलेंडरमध्ये वर्ष मार्चलाच सुरू व्हायचं, म्हणून तर सप्टेंबरच्या नावात सात आहे आणि ऑक्टोबरच्या नावात आठ. आणि ४०० वर्षांचं चक्र पूर्ण झालं की बरोबर १,४६,०९७ दिवस होतात, या संख्येला ७ नं पूर्ण भाग जातो, म्हणजे दर ४०० वर्षांनी वारांसकट कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं.

हे झालं सरळ प्रकरण. पण आकडा समोर आला की तो सेकंदच आहे हे कशावरून? हे आकडा स्वतः सांगत नाही, तुम्हाला ओळखावं लागतं, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे अंक मोजणं. आजच्या काळातली तारीख युनिक्सच्या सेकंदात लिहिली तर १० अंकी येते, मिलिसेकंदात १३ अंकी, मायक्रोसेकंदात १६, नॅनोसेकंदात १९. सेकंदांचा आकडा ९ सप्टेंबर २००१ ला दहा अंकी झाला आणि २२८६ सालापर्यंत दहा अंकीच राहणार आहे, तेव्हा आपल्या हयातीत ही खूण बदलायची नाही.

वेबसाइटसाठी वापरतात ती जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, मागते, बरेच सर्व्हर आणि डेटाबेस सेकंद देतात, आणि यांची गाठ पडली की हमखास घोळ होतो. १७० कोटी हा आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर उत्तर येतं २० जानेवारी १९७०. त्यामुळे कुठल्या यादीत सगळ्याच नोंदी जानेवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यातल्या दिसल्या तर दुसरं काही शोधत बसू नका, हजारानं गुणायचं राहिलंय. उलटं झालं, म्हणजे मिलिसेकंदांना सेकंद समजलं, तर साल येतं ५५ हजारांच्या पुढचं. आणि थेट १ जानेवारी १९७० दिसलं तर तिथं वेळ नोंदलेलीच नाही, रिकाम्या जागी शून्य बसलंय आणि ते शून्य तारीख बनून समोर आलंय. त्याच शून्याचं न्यूयॉर्कमधल्या स्क्रीनवर ३१ डिसेंबर १९६९ होतं, कारण तिथं तेव्हा अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

उणे आकडाही चुकीचा नसतो बरं का. १९७० च्या आधीचा काळ उणे चिन्हानं लिहितात. ईगल यान चंद्रावर टेकलं तो क्षण, २० जुलै १९६९ ला यूटीसी २०:१७:४०, टाइमस्टॅम्पमध्ये येतो उणे १४१८२९४०.

आता मैत्रिणीच्या आकड्याकडे. तिचा आकडा नऊच अंकांचा होता, आणि तिथंच मला शंका आली, कारण २००१ नंतरचा कुठलाच युनिक्स सेकंदांचा आकडा नऊ अंकी असू शकत नाही. मग एकच शक्यता राहते, शून्य दुसरीकडे आहे. आणि शून्यं बरीच आहेत. विंडोज आतल्या आत १ जानेवारी १६०१ पासून मोजतं आणि तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, म्हणून तिथले आकडे १८ अंकी दिसतात. जगभरची घड्याळं नेटवर्कवरून जुळवणारा एनटीपी प्रोटोकॉल १९०० पासून मोजतो. जीपीएसचं शून्य ६ जानेवारी १९८० ला. यूयूआयडी नावाचे जे लांब ओळखक्रमांक असतात त्यांच्या पहिल्या प्रकारात तर १५ ऑक्टोबर १५८२ पासून मोजतात, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं त्या दिवसापासून. आणि ॲपलच्या सिस्टिम बऱ्याच ठिकाणी १ जानेवारी २००१ पासून मोजतात.

वडिलांचा फोन आयफोन होता. १९७० ते २००१ या दोन शून्यांमध्ये ११,३२३ दिवस आहेत, म्हणजे ९७,८३,०७,२०० सेकंद. तेवढे तिच्या आकड्यात मिळवले की होतात १६६८३०५९४५, आता दहा अंक झाले, आणि तारीख येते १३ नोव्हेंबर २०२२, यूटीसी ०२:१९:०५. कन्व्हर्टरनं सांगितलेला दिवस आणि महिना तोच, साल तेवढं ३१ वर्षांनी पुढे. ते बघितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हो, त्याच आठवड्यात.

एक-दोन गोष्टी एक्सेलबद्दल, कारण बहुतेकांकडे हे आकडे एक्सेलमध्येच येऊन पडतात. एक्सेल दिवस मोजतं, सेकंद नाही, आणि त्याचा एक नंबरचा दिवस म्हणजे १ जानेवारी १९००. त्या हिशोबानं १ जानेवारी १९७० चा क्रमांक येतो २५५६९. म्हणून युनिक्सचा सेकंदांचा आकडा असेल तर सेलला भागिले ८६४०० अधिक २५५६९ करायचं आणि सेलचा फॉरमॅट तारीख-वेळ असा करायचा, बास. ॲपलचा २००१ वाला असेल तर २५५६९ च्या जागी ३६८९२. एक्सेलच्या मोजणीत एक जुनी चूक आहे, ते १९०० ला लीप वर्ष मानतं, २९ फेब्रुवारी १९०० नावाचा कधी न उगवलेला दिवस त्यात आहे, कारण लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्राममध्ये तसं होतं आणि त्याच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालायला हव्या होत्या. मार्च १९०० नंतरच्या तारखांना याचा त्रास नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढचे शून्य करून टाकतं. १९ अंकी नॅनोसेकंदांचा कॉलम सरळ उघडून सेव्ह केला तर शेवटचे चार अंक कायमचे जातात. असा कॉलम आत घेताना टेक्स्ट म्हणून घ्या आणि मूळ फाइलला हात लावू नका, हे मी कळकळीनं सांगतेय.

लीप सेकंदाबद्दल लोक खूप घाबरवतात, रोजच्या कामात त्याचा काही संबंध येत नाही. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नेमकं नाही म्हणून १९७२ पासून यूटीसीमध्ये २७ वेळा एकेक सेकंद जास्तीचा घातला, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. युनिक्सचा हिशोब मात्र दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतो, म्हणून त्या वेळी एकच आकडा दोन सेकंदांना वापरला जातो. यामुळेच तर वर केलं तसं सरळ भागाकारानं काम होतं, नाहीतर २७ तारखांची यादी जवळ ठेवावी लागली असती. २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचं आंतरराष्ट्रीय पातळीवर २०२२ मध्ये ठरलंय.

२०३८ चं प्रकरण मात्र खरं आहे. ३२ बिटांच्या जागेत उणे-अधिक दोन्ही ठेवायचं म्हटलं की जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं, आणि तो क्षण आहे १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून एकदम उणे होतो आणि तारीख १३ डिसेंबर १९०१ ला जाऊन पडते. आताचे फोन आणि लॅपटॉप ६४ बिटांवर गेलेत, तिथं २९२ अब्ज वर्षं जागा आहे. काळजी आहे ती भिंतीत, मशीनमध्ये, गाड्यांमध्ये बसवून विसरलेल्या छोट्या कंट्रोलरची आणि तीस-तीस वर्षं पुढच्या तारखा आजच काढणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची. लिनक्स या सिस्टिमनं ३२ बिटांच्या मशीनसाठी सोय केली ती २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीत, पण जिथं अपडेट पोचतच नाही तिथं ती सोय काय कामाची.

आता राहिला टाइमझोन, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण इथली चूक दिसत नाही. साल ३१ वर्षांनी चुकलं तर आंधळ्यालाही कळेल, पाच-सात तासांनी चुकलेली वेळ मात्र अगदी खरी वाटते.

टाइमस्टॅम्पला टाइमझोन नसतो. १७०००००००० हा आकडा जगात सगळीकडे एकच क्षण आहे, पण तो क्षण लंडनमध्ये १४ नोव्हेंबरच्या रात्रीचे १० वाजून १३ मिनिटं होता, न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी संध्याकाळचे ५ वाजून १३ मिनिटं, आणि टोकियोत १५ नोव्हेंबर उजाडून सकाळचे ७ वाजून १३ मिनिटं झाली होती. तिन्ही बरोबर. म्हणून कन्व्हर्टरनं दिलेल्या वेळेशेजारी यूटीसी लिहिलंय का लोकल हे न बघता ती वेळ उचलू नका. तारीख मजकुरात लिहिलेली असेल, मध्ये टी आणि शेवटी झेड हे अक्षर असेल, तर तो झेड म्हणजे यूटीसी. त्याच्या जागी अधिक किंवा उणे लावून तास-मिनिटं असतील तर ती त्या ठिकाणची वेळ. काहीच नसेल तर ज्यानं फाइल दिली त्याला विचारा, अंदाज करू नका.

आणि अमुक शहर म्हणजे अधिक अमुक तास असं पाठ करूनही भागत नाही, कारण हे तास सरकारं बदलत असतात. लंडन म्हणजे यूटीसी असं समजून चाललात तर थेट शून्यालाच चुकाल, ब्रिटननं १९६८ ते १९७१ घड्याळं वर्षभर एक तास पुढे ठेवली होती, म्हणजे १ जानेवारी १९७० ला युनिक्सचं शून्य झालं तेव्हा लंडनच्या भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. सामोआनं २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा तिथं २९ डिसेंबरनंतर सरळ ३१ डिसेंबर आला, ३० तारीख कुणी बघितलीच नाही. जिथं डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ठेवणं, चालतं तिथं शरद ऋतूत घड्याळ मागे घेतात त्या रात्री एक अख्खा तास दोनदा येतो, आणि दीड वाजता असं नुसतं लिहिलं तर पहिला दीड की दुसरा हे कुणालाच सांगता येत नाही. टाइमस्टॅम्प असेल तर ते दोन दीड वेगळे आकडे आहेत, एवढ्याचसाठी तरी मूळ आकडा जपून ठेवावा.

या सगळ्या बदलांची एक नोंदवही आहे, तिला टीझेड डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पॉल एगर्ट अनेक वर्षं सांभाळताहेत, आणि जवळजवळ प्रत्येक फोन आणि सर्व्हर तिच्यावर चालतो. कुठल्या ठिकाणी कधीपासून किती तासांचा फरक होता हे त्यात तारीखवार लिहिलेलं आहे. तेव्हा कोड लिहिताना अधिक इतके तास असं हातानं मिळवू नका, टाइमझोन एशिया/टोकियो असा नावानं द्या, म्हणजे ज्या तारखेचा आकडा आहे त्या तारखेचा नियम लागेल.

मैत्रिणीचं इथंच अडलं होतं. साल मिळालं, आता तिला वेळ हवी होती. तिला आठवत होतं की तो मेसेज रात्री आला, ती झोपायच्या तयारीत होती, उद्या उत्तर देऊ म्हणून फोन ठेवला. शीटमध्ये मात्र १३ तारखेची पहाट दिसत होती, आणि तिला वाटायला लागलं की आपल्याला चुकीचं आठवतंय. मी विचारलं, तू तेव्हा होतीस कुठं, तर म्हणाली न्यूयॉर्कला, कामासाठी. ६ नोव्हेंबरलाच तिथली घड्याळं मागे घेतली होती, म्हणजे यूटीसीपेक्षा पाच तास मागे, मग ०२:१९:०५ चे झाले १२ नोव्हेंबर, रात्रीचे ९ वाजून १९ मिनिटं ५ सेकंद. तिला बरोबर आठवत होतं. आणि वडिलांच्या घरी तेव्हा १३ तारखेची सकाळ झालेली होती.

मग आम्ही त्या शीटमध्ये आधीच्या आकड्यांचा कॉलम तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी दोन कॉलम नवीन केले, एक त्यांच्या घड्याळाचा आणि एक तिच्या.